हात ठेवायचं पुस्तक

आमच्या घरातलं सगळ्यात जाड पुस्तक कोणी वाचलेलं नव्हतं, आणि त्याची कोणाला लाजही नव्हती. इंग्रजीचा शब्दकोश होता तो, चामड्याच्या बांधणीचा, उशीएवढा. रेल्वेच्या क्लबातलं साहेबांच्या वेळचं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा माझ्या आजोबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, तो आणला होता. लोकांनी खुर्च्या घेतल्या, कोणी आरसा घेतला, आणि हे बुवा डोक्यावर पुस्तक घेऊन घरी आले. त्यांना सहीसुद्धा करता येत नव्हती. आजीनं विचारलं, हे काहून आणलं, तर म्हणाले, तिथं पुस्तकांमध्ये जे सगळ्यात मोठं होतं ते आणलं. आजी पुढं बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही म्हणतात, आणि मी आजीच्या बाजूची आहे, कारण घरात बसायला खरोखरच खुर्ची नव्हती.

पण बाबा पहिल्यांदा शाळेत निघाले त्या सकाळी आजोबांनी त्यांना अंघोळ घातली, पुस्तक पाटावर ठेवलं आणि बाबांचा उजवा हात त्याच्यावर दाबून धरला. बस, एवढंच. मग शेजारच्यांनी आपलं पोरगं आणलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. गुढियारीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, बहुतेक घरं भंडारा-गोंदियाकडून रेल्वेच्या कामाला आलेल्या आपल्याच लोकांची होती. ज्यांच्या आज्या-पणज्यांची सावलीही पोथीवर चालत नव्हती, त्यांची पोट्टी शाळेच्या पहिल्या दिवशी आमच्या घरी येऊन पुस्तकावर हात ठेवून जात. याला ‘पुस्तकाशी बसवणं’ म्हणत. आजोबा गेल्यावर हे काम माझ्या आईकडं आलं. ती मेणबत्ती लावायची, पोराचं मनगट धरायची, तळवा चामड्यावर टेकवायची आणि म्हणायची, हे तुयं होय, भेऊ नको. मग हातावर गूळ-मुरमुरे. हात पडून पडून त्या चामड्यावर मधोमध काळपट, चिकण डाग पडला होता. पुस्तकात काय लिहिलं आहे हे कोणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तर सांगणारं कोणी नव्हतं.

हे सगळं आता लिहायला बसण्याचं कारण माझी भाची. धाकट्या बहिणीची ही मुलगी मराठी सगळी समजते, पण बोलते हिंदीतच. मागच्या महिन्यात तिनं पुस्तकाचे मोबाईलवर फोटो काढले आणि म्हणाली, “मावशी, पुणे में एक आदमी है, पुरानी किताबें रिस्टोर करता है. सिलाई खोलकर नए जैसी कर देगा.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा ठेवते म्हणून आत गेले. पण तेव्हापासून तो उन्हाळा डोक्यातून जात नाही, म्हणून एकदाचा कागदावर उतरवून मोकळी होते.

त्या वर्षी मी अकरावीची परीक्षा दिली होती आणि बेबी, माझी धाकटी बहीण, शाळेत जायची होती. आमच्या दोघींच्या मधलं एक भावंड राहिलं नाही, म्हणून एवढं अंतर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आईनं साफसफाईसाठी पुस्तक फळीवरून खाली घेतलं, आणि त्याची पाठ तिच्या हातात आली. पाठीचं चामडं पापडासारखं वाळून तुटलं होतं, शिवण उसवली होती, पानांचे गठ्ठे सुटे झाले होते. बेबी तिथंच बसली होती. आई तिला म्हणाली, हे दुरुस्त करून घेऊ, मग तुले बसवतो, मग जाजो शाळेत. बेबीनं मान डोलावली. त्यानंतर थोड्याच दिवसांत आईला कावीळ झाली, आणि झाडपाला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना असं करत ती गेली.

मी रडले नाही. पांढरी साडी, मेणबत्त्या, वंदना, बायकांचं येणं-जाणं, सगळं झालं आणि मी कोणाला पाणी द्यायचं राहिलं हे बघत होते. बायका आपसात म्हणत, पोट्टीचा घाव आत गेला. घाव-बिव काही नव्हतं. पाय दुमडून बसलं की त्याला मुंग्या येतात आणि मग तो आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. सिगडीवर भाताचं गंज उतरवताना बोट भाजलं ते मला संध्याकाळी फोड बघून कळलं. लोक समजूत घालायचे आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघायचे, कोणत्या दाताला चुना लागलाय वगैरे. आता या वयात लोक मला विचारतात, तुम्ही इतक्या कोरड्या कशा, तर मी म्हणते सवय आहे.

घर चालत होतं, नाही असं नाही. सकाळी भोंगा व्हायचा, बाबा डबा घेऊन कामावर जायचे. ते रेल्वेत फिटर. मी भात, लाखोळीचं वरण आणि कांदा असा रोज तोच स्वयंपाक करायचे आणि रोज तेच तिघं जण तो अर्धाच खायचे. उरलेल्या भातात पाणी घालून सकाळी बासी. आई बासीवर हिरवी मिरची आणि आंब्याची फोड द्यायची. मी मीठ द्यायचे. मागच्या बाजूला मालगाडीचे डबे जोडायचे, एकाचा धक्का दुसऱ्याला लागत आवाज लांबवर जायचा, आणि आम्ही तिघं जेवता जेवता तो पूर्ण संपेपर्यंत थांबायचो. तेवढंच बोलणं.

बेबी मात्र बोलत होती, आणि एकच बोलत होती. शाळेचं नाव काढलं की म्हणायची, पुस्तक दुरुस्त झालं का? नाही म्हटलं की, मग मी जात नाही. समजावून झालं, रागावून झालं. आत्या आली, तिनं एक चापटसुद्धा दिली. बेबी रडली नाही, हटलीही नाही. आईनं सांगितलं आहे, आधी दुरुस्त, मग बसवणं, मग शाळा. आईचं शेवटचं धड बोलणं तिच्या वाट्याला हेच आलं होतं, आणि ती ते मोडू देणार नव्हती. पाऱ्यात एक मुलगी अशीच एक वर्ष शाळेत जायची राहिली ती राहिलीच, पुढं बिड्या वळायला बसली. बाबांना त्याचीच धास्ती होती. ते मला एकदाच म्हणाले, “शालू, हे पोट्टी घरी बसली तर तुयी माय मले माफ नाही करणार.”

म्हणून बाबा पुस्तकाच्या मागं लागले. आता फिटर माणूस, त्याचा जगातल्या एकाच औषधावर विश्वास: तेल पाजा. कडक झालं आहे तर तेल पाजा, करकरतं आहे तर तेल पाजा. त्यांनी कामावरून डब्यात मशीनचं तेल आणलं आणि रविवारी अंगणात बसून चिंधीनं त्या चामड्याला मनापासून पाजलं. चामडं पिऊन राहिलं म्हणून खूशही झाले. दुसऱ्या दिवशी बघतो तर तेल पुठ्ठ्यातून पानांत उतरलेलं, आणि कितीतरी पानं समोशाच्या कागदासारखी आरपार दिसू लागली होती. बाबा पुस्तकाकडं बघत उभे राहिले. मी म्हटलं, जेवायला या. त्या क्षणी मला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही, आज येते.

मग शोध सुरू झाला. कामावरून आले की पुस्तक दुपट्ट्यात बांधायचं, सायकलच्या कॅरिअरवर मला बसवायचं, माझ्या मांडीवर ते गाठोडं, आणि निघायचं. सदर बाजारात एका गल्लीत हिशेबाच्या बह्या बांधणारा एक म्हातारा होता, सराफांच्या लाल कापडाच्या बह्या त्याच्याच हातच्या. त्यानं पुस्तक उलटं-सुलटं केलं, तेलाचा वास घेतला, हसला नाही हे त्याचं चांगलं. म्हणाला, “हव भैया, हो जाही. चमड़ा ला निकाल देबो, रेक्सीन लगा देबो.” सोनेरी अक्षरांत नावही टाकून देतो म्हणाला. बाबांनी विचारलं, चामडं काढून काय करणार? तो म्हणाला, फेकणार, सडलेलं आहे. बाबांनी गाठोडं बांधलं. बाहेर येऊन सायकलचं कुलूप उघडताना म्हणाले, सगळ्यायचे हात त्याच्यावर हायेत, ते फेकाले देऊ काय? मला तेव्हा वाटलं, फेकलं तर फेकलं.

एका छापखान्यात सांगितलं, चामड्याचं काम नागपूरला होईल. दुसरा म्हणाला, कलकत्त्याला. मग बाबांनी सरळ स्टेशनाबाहेरचा मोची गाठला, कारण चामडं म्हणजे मोची, यात त्यांना शंका नव्हती. मोची ओळखीचा होता, बाबांचे बूट तोच शिवायचा. त्यानं पुस्तक पाहिलं आणि दोन्ही कानांना हात लावले. म्हणाला, बाबूजी, ही विद्या आहे, हिला आरी टोचली तर माझी पोरं आंधळी होतील. बाबांनी किती समजावलं. शेवटी त्यानं चामड्याचा एक चांगला तुकडा दिला, जुनी आरी आणि कातडं कापायची रापीही दिली, पण टाका घालायला तयार झाला नाही. म्हणजे बांधणारा चामड्याला शिवत नव्हता आणि चामड्यावाला पुस्तकाला. शाळा उघडायला फार दिवस उरले नव्हते.

आता उरले होते फक्त नाना, आईचे वडील. हे नाव बाबांना आणि मलाही सुचलं होतं, आणि म्हणूनच कोणी काढत नव्हतं. नाना गावी असताना मेलेली ढोरं ओढून नेण्याचं, सोलण्याचं काम त्यांच्या घराकडं होतं. त्या कातड्याच्या मोटा आणि वहाणा नाना शिवायचे, आणि चांगल्या शिवायचे. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी ते काम सोडलं. आरी, रापी, सगळं विहिरीत टाकलं आणि कातड्याला पुन्हा हात लावणार नाही म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. त्यापायी गावानं दाणा-पाणी बंद केलं तेव्हा आई तान्ही होती. नंतर ते आयुष्यभर पायांत टायरची चप्पल घालत, चामड्याची नाही. अशा माणसाकडं, ज्याची मुलगी आत्ताच गेली आहे, आरी घेऊन जायचं. तरी एका संध्याकाळी बाबांनी सायकल काढली.

नाना मामाकडं बीरगांवला राहायचे. तेव्हा तिथं कारखाने नुकते येऊन राहिले होते, मामा त्यांतल्याच एकात लागला होता. नाना दारात खाटेवर बसले होते. मामीनं चहा दिला. बाबांनी दुपट्टा सोडला, पुस्तक खाटेवर ठेवलं, आणि माझ्याकडं पाहिलं. मीच सांगितलं सगळं, धडा म्हणून दाखवावा तसं: बेबी काय म्हणते, सदर बाजारवाला काय म्हणाला, मोची काय म्हणाला. नानांनी पुस्तकाला हात लावला नाही. चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, “मी नाही करत.”

बाबांनी लगेच पुस्तक बांधलं. परतताना ते सायकलवर बसलेच नाहीत, हातात धरून चालत राहिले, मी मागून. मध्येच म्हणाले, मी त्यायले काहून इचारलं. दोनदा-तीनदा म्हणाले. मला विचारत नव्हते ते. घरी आल्यावर बेबीनं विचारलं, झालं का दुरुस्त? आणि बाबा पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले. ती जाऊन फळीखाली, पुस्तकाच्या रिकाम्या जागेखाली, भिंतीला पाठ लावून बसली आणि तिथंच झोपली.

दोन-चार दिवसांनी दुपारी नाना स्वतःच आले. घामानं निथळत, हातात कापडी पिशवी, तीत जाड दोरा आणि मेण. आल्या आल्या मला म्हणाले, खळ शिजव, गव्हाची, घट्ट. पाणी प्यायले आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली पोतं टाकून बसले. काहून आले, काय ठरवलं, काही बोलले नाहीत, आणि आम्ही विचारलं नाही. एकदाच म्हणाले, सून म्हणते घरात वास मारीन, म्हणून इथं आलो. तेलानं आरपार झालेली पानं बघून मात्र बाबांना चांगलं झापलं, इंजन समजला काय रे याले, म्हणून. पानांमध्ये तांदळाचं पीठ भरभरून त्यांनी ते तेल ओढून घेतलं. घरातलं पीठ संपलं. त्या दिवशी शेजारून उसनं आणलं.

उसनं पीठ देणारी मेश्रामकाकू बघायला आली आणि मग पाऱ्यालाच कळलं. लोक यायचे, उभे राहायचे, नानांच्या हातातली मोच्यानं दिलेली रापी बघायचे आणि एकमेकांकडं बघायचे. कुजबुज मला ऐकू येत होती. शेवटी मेश्रामकाकूच म्हणाली. वाईट बाई नव्हती ती, आई आजारी असताना तिनं आमचा डबा केला होता. पण म्हणाली, “नानाजी, दीक्षा घेऊन पुन्हा चामडं?”

नानांनी आरी खाली ठेवली नाही. मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ढोरं ओढाले लावत होते म्हणून सोडलं. हे मले कोनं लावलं नाही.”

थोड्या वेळानं काकूच पदरानं कपाळ पुसत त्यांच्या शेजारी बसली आणि दोऱ्याला मेण लावू लागली. नाना रापीनं चामडं पातळ करत होते. सवय मोडली होती, मध्येच हात कापलाही. पण एकदा आरी चालू झाली की टाक्यामागं टाका पडायचा. बेबी समोर उकिडवी बसून प्रत्येक टाका बघत होती. मी भात शिजवत होते, भांडी घासत होते, आणि मला वाटत होतं हे सगळं कुणाच्या तरी दुसऱ्याच्या अंगणात चाललंय.

आता ती चूक सांगते, कारण तीच भाचीला उसवायची आहे. नानांना वहाणा शिवता येत होत्या, मोटा शिवता येत होत्या, पुस्तक नाही. त्यांनी तळ शिवतात तसं केलं. पाठीजवळून आरी घातली ती वरचा पुठ्ठा, सगळी पानं आणि खालचा पुठ्ठा, आरपार. जाड दोऱ्याचे दुहेरी टाके. वरून नवं चामडं पाठीला, जुनं काळपट चामडं जसंच्या तसं. बाबांनी ओढून पाहिलं आणि म्हणाले, आता इंजन लावून ओढलं तरी निघत नाही. सगळे खूश. आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही की पुस्तक आता उघडत नव्हतं. चार बोटं जातील इतकंच फाकायचं. पुढं कितीतरी वर्षांनी बेबी कॉलेजात गेली, तिला एक शब्द बघायचा होता, तेव्हा कळलं. पानाची बाहेरची अर्धी बाजू दिसते, आतली टाक्यात गेली. आम्ही दोघी तेव्हा इतक्या हसलो की बाबा उठून आले. पुण्याच्या माणसाला हे टाके खोलायचे आहेत. मी जिवंत आहे तोवर तरी खोलू देत नाही, भाचीला सांगून टाकणार आहे. नंतर काय करायचं ते करा.

शाळेच्या दिवशी नाना थांबले होते. बाबांनी सुट्टी घेतली. मी बेबीला अंघोळ घातली, तेल लावून दोन वेण्या घातल्या, नवा फ्रॉक घातला. पाटावर पुस्तक, बाजूला मेणबत्ती, ताटलीत गूळ-मुरमुरे. दारात मेश्रामकाकू आणि आणखी दोघी-तिघी, त्यांच्याही पोरांना त्याच वर्षी बसवायचं होतं. बेबी पाटासमोर मांडी घालून बसली आणि हात पुढं करून थांबली. बाबांनी नानांकडं पाहिलं. नानांनी मान हलवली आणि माझ्याकडं बोट केलं. मी पदर खोचलेला, हात ओले, तशीच पुढं गेले, खाली बसले, बेबीचं मनगट धरलं आणि तिचा तळवा चामड्यावर टेकवला. बोलायचं काय ते मला पाठ होतं. हे तुयं होय, भेऊ नको. माझा आवाज मला सपाट ऐकू आला, भाजीवाल्याला भाव विचारावा तसा.

झालं होतं. दारातल्या बायकांनी ‘साधू, साधू’ म्हटलं, बाबांनी मुरमुऱ्यांची ताटली उचलली. बेबी मात्र उठली नाही. मी म्हटलं, उठ, झालं. तरी ती उठेना. मी पुन्हा म्हटलं, उठ ना बेबी, घंटा होईल. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि हळूच म्हणाली, “ताई, तू सोड ना. मले जायचं हाय.”

मी खाली पाहिलं. तिचं मनगट माझ्या मुठीत होतं आणि तिची बोटं लाल झाली होती. मी धरून ठेवलं आहे हे मला माहीतच नव्हतं. सोडायला गेले तर हात सुटेना. बाबा माझ्या शेजारी खाली बसले आणि माझं एकेक बोट त्यांनी आपल्या हातानं उघडलं, हळूहळू. शेवटचं बोट सुटलं आणि मला रडू आलं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, आईला हाका मारत मी रडले. बेबी तोवर दप्तर घेऊन बाहेर पडली होती.